प्रचितीची पावती मिळत नाही

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत, सकाळी दहाच्या आधीच दूध संपलं होतं. शेजारच्या काकू चांदीचा चमचा पदराखाली धरून आल्या आणि आजीला म्हणाल्या, "माई, चला लवकर, गणपती दूध पितोय. दिल्लीत पितोय, मुंबईत पितोय, आता आपल्याकडेही प्यायला लागला." आजी आमटीला फोडणी देत होती. मागे वळूनही न बघता तिने विचारलं, "आणि नैवेद्य?" काकूंना काही कळेना. आजी म्हणाली, "नैवेद्याचं ताट रोज जसंच्या तसं परत येतं म्हणून तर आपण जेवतो. उद्यापासून तो खायला लागला तर पोरांना काय वाढू?" काकूंनी नामदेवाचा दाखला दिला. त्यावरही आजीचं उत्तर तयार होतं. "नामदेवाच्या हातचं खाल्लं ते पोर रडलं म्हणून. रांग लागली म्हणून नव्हे."

मी तेव्हा बीएस्सीला होतो, म्हणजे सर्वज्ञ होतो. दुपारी वाटीभर दुधात जिलेबीचा केशरी रंग कालवला, देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाटावर घेतला आणि चमचा सोंडेला लावला. दूध कमी होत गेलं खरं, पण केशरी ओघळ सोंडेखालून पोटावर आणि पोटावरून पाटावर उतरताना घरातल्या सगळ्यांनी पाहिला. पृष्ठताणाने थेंब ओल्या मूर्तीकडे ओढला जातो आणि पातळ थर होऊन खाली वाहतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, इतकंच. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवलं होतं, ते मागाहून पेपरात वाचलं. आजीने माझा प्रयोग शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "पावशेर दूध घालवलंस."

कित्येक वर्षं मी ही गोष्ट माझ्या विजयाची म्हणून सांगत असे. एका बाजूला काकू आणि आजी, दुसऱ्या बाजूला विज्ञान, म्हणजे मी. आता वाटतं, पक्षांची वाटणी मी चुकीची केली होती. त्या दिवशी काकू आणि मी एकाच पक्षात होतो. चमच्यातल्या दुधाचं काय होतं यावरून देवाचा निकाल लागणार, हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. भांडण फक्त निकाल कुणाच्या बाजूने लागला याचं. आजी त्या कोर्टाची पायरीच चढली नव्हती.

हे सगळं पुन्हा आठवलं ते गेल्या गणपतीत. आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत 'देव आहे का?' या विषयावर दोन संध्याकाळी दोन वक्ते होते. पहिले एक निवृत्त इंजिनिअर, आस्तिक. त्यांचा मुद्दा मराठी घरांत हल्ली फार फिरतो: ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, ती सर्वत्र आहे, आपले ऋषी ज्याला देव म्हणत तीच ही ऊर्जा, म्हणून देव विज्ञानाने सिद्ध झाला. टाळ्या जोरात पडल्या. मला मात्र विजेचं बिल आठवत होतं. ऊर्जा हाच देव असेल तर दर दोन महिन्यांनी आपण त्याचे युनिट मोजून पैसे भरतो. विनोद सोडा, अडचण खरी आहे. पदार्थविज्ञानातली ऊर्जा ही मोजायची राशी आहे. ती कुणाचं ऐकत नाही, कुणावर रागावत नाही, कुणाला क्षमा करत नाही. तिला देव म्हटल्याने ऊर्जेत काही भर पडत नाही, पण देवातलं जवळपास सगळं निघून जातं. संकटात जिला हाक मारता येत नाही अशी वस्तू सिद्ध करून भक्ताच्या हाती काय पडलं?

दुसऱ्या दिवशीचे वक्ते विवेकवादी. मुद्देसूद बोलले. मध्येच म्हणाले, "इथे कुणी देव पाहिलाय का? हात वर करा." मागच्या ओळीतून भजनी मंडळातल्या एका आजोबांचा हात वर झाला. वक्त्यांनी हसून विचारलं, "कुठे पाहिलात?" आजोबा म्हणाले, "तुम्हाला दाखवता यायचा नाही." सभागृह हसलं, वक्ते पुढे गेले. दोन संध्याकाळींत बोललं गेलेलं सगळ्यात काटेकोर वाक्य तेवढं होतं, आणि त्यावर कुणी थांबलंच नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पुरावा आणि प्रचिती. पुरावा हस्तांतरित होतो: माझ्या हातातला तुमच्या हातात देता येतो, तुम्ही तो उलटसुलट करून पाहता, खोटा निघाला तर परत करता. प्रचिती येते, ती देता येत नाही. रामदासांनी प्रचितीवाचूनच्या बोलण्याला कंटाळवाणं म्हटलं, पण माझी प्रचिती तुम्हाला पुरेल असं म्हणण्याइतके ते भोळे नव्हते. आजोबांनी आपली प्रचिती सांगितली आणि तिचा पुरावा करायला त्याच दमात नकार दिला. इंजिनिअरसाहेबांनी उलट केलं. श्रद्धा मनातली, पण तिच्यावर शिक्का प्रयोगशाळेचा हवा होता. देवाविषयीच्या आपल्या वादांत बहुतेक गोंधळ होतो तो इथे, प्रचितीला पुराव्याचा अंगरखा घातल्यामुळे, असं माझं मत आहे.

हे काही मला सुचलेलं नवं नाही. ज्या बडोद्यात ही व्याख्यानं झाली त्याच गावाने या वादातले दोन फार मोठे ग्रंथ छापून जगापुढे ठेवले, याची व्यासपीठावर कुणी आठवणही काढली नाही. सयाजीराव गायकवाडांनी सुरू केलेल्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२६ साली आठव्या शतकातल्या शांतरक्षित या बौद्ध पंडिताचा 'तत्त्वसंग्रह' छापला गेला. त्यात 'ईश्वरपरीक्षा' नावाचं अख्खं प्रकरण आहे आणि परीक्षेत ईश्वर नापास होतो. १९४० साली त्याच मालेत जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' आला. चार्वाकाच्या, म्हणजे देव-परलोक न मानणाऱ्यांच्या, वळणाचा म्हणावा असा हाच एक ग्रंथ आज आपल्यापाशी उरला आहे. त्याची ताडपत्रावरची प्रत पाटणच्या जैन भांडारात सापडली. कुणाचंच काही शिल्लक न ठेवणारं हे पुस्तक शतकानुशतकं वाळवीपासून जपलं ते धर्मनिष्ठ माणसांनी. आणि छापण्याचा खर्च केला तो एका हिंदू राजाच्या खजिन्याने. जयराशी तर पुराव्यावरच उठतो; प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर दिसलेलं, हे तरी प्रमाण कशावरून, असं विचारतो. विवेकवाद्यांनी त्याला आपला पूर्वज म्हणण्याआधी तो नीट वाचावा, तो त्यांच्याही पायाखालचं जाजम ओढतो.

आस्तिकांचा मुख्य युक्तिवाद आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, मांडला. मडकं दिसलं की कुंभार असणार. पृथ्वी, अंकुर हीसुद्धा घडलेली कार्यं आहेत, म्हणून त्यांचाही कर्ता असणार. यावर धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाचं उत्तर मला आजही अचूक वाटतं. वारूळही मातीचंच, त्यालाही आकार असतो. मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? म्हणजे नुसत्या आकारावरून कर्ता कळत नाही. कुंभाराला मडकी करताना आपण आधी पाहिलेलं असतं म्हणून मडक्यावरून कुंभार कळतो. जगं घडवताना कुणी कुणाला पाहिलं आहे?

इथपर्यंत बौद्ध विरुद्ध वैदिक अशी सरळ झुंज वाटेल. तशी ती नाही. कुमारिल भट्ट वेदांचा कट्टर पाठीराखा, पण जगाचा कर्ता ईश्वर त्याला मान्य नाही. सर्वज्ञ गुरूच्या अनुभवाचा दाखला देणाऱ्यांना त्याच्या नावावर असलेला एक श्लोक विचारतो: बुद्ध सर्वज्ञ असेल तर सांख्यांचा कपिल नाही कशावरून? आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद कसा? प्रचितीला पुरावा मानणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आजही सुटलेला नाही. एकाला विठ्ठल दिसतो, दुसऱ्याला येशू, तिसऱ्याला निराकार शांतता, तिघेही प्रामाणिक.

सगळ्यात मोठा धक्का मला बसला तो रामानुजाचार्यांचा. भक्तीचे एवढे मोठे आचार्य. विष्णू जगाचं कारण आहे याविषयी त्यांच्या मनात तिळभर शंका नाही. तरी ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात ते नैयायिकांचं अनुमान एकेक पाय तोडून खाली पाडतात. महाल एक माणूस बांधत नाही, पुष्कळ माणसं बांधतात. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? सगळं जग एकदमच घडलं कशावरून? ईश्वर अनुमानाने कळत नाही, तो केवळ शास्त्राने कळतो, असा त्यांचा निष्कर्ष. तुम्हा-आम्हाला तो पटो न पटो, त्यातला प्रामाणिकपणा पाहा. नास्तिकाला गप्प करायला हाताशी आलेलं शस्त्र हा भक्त बोथट म्हणून टाकून देतो.

आणि उदयनाचार्य, दहाव्या शतकातले. ईश्वरसिद्धीवरचा त्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा आपल्याकडचा सर्वांत तालेवार ग्रंथ. पण सुरुवातीलाच ते कबूल करतात की ही तर्काची चर्चा म्हणजे ईश्वराची उपासनाच आहे, श्रवणानंतर करायचं मनन. म्हणजे श्रद्धा आधी आली, युक्तिवाद मागून. आजच्या वक्त्यांनी एवढी जरी कबुली दिली तरी अर्धा वाद मिटेल. उदयनाचार्यांची दंतकथा माहीत असेलच: पुरीच्या देवळाचं दार बंद मिळालं तेव्हा ते जगन्नाथावर चिडले आणि म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात माझा अपमान करतोस, पण बौद्ध समोर उभे राहिले की तुझं अस्तित्व माझ्यावर अवलंबून असतं! खरी असो नसो, गोष्ट झकास आहे. देवाचं वकीलपत्र घेणाऱ्याला लवकरच वाटू लागतं की अशील आपल्याच जिवावर उभा आहे.

आता प्रचितीची बाजू. इथेही बडोद्याबाहेर जायची गरज नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे सयाजीरावांच्या नोकरीत होते. दांडिया बाजारातलं त्यांचं राहतं घर आज अरविंद निवास म्हणून ओळखलं जातं. लहानपणी शाळेत जाताना मी रोज त्याच्यासमोरून जायचो. त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. धाकटा भाऊ बारींद्र तापाने फणफणला होता. एका नागा संन्याशाने पेलाभर पाणी घेतलं, मंत्र म्हणत सुरीने ते पाणी आडवं-उभं कापलं आणि प्यायला दिलं. ताप उतरला. पुढे सुरत काँग्रेस उधळल्यावर, जानेवारी १९०८मध्ये, ग्वाल्हेरहून बोलावून घेतलेले विष्णू भास्कर लेले हे मराठी योगी आणि अरविंद बडोद्यात सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत तीन दिवस बसले. मन पूर्ण शांत झालं, विचार बाहेरून येताना दिसू लागले, असं अरविंदांनी लिहून ठेवलं आहे.

या दोन घटना एकाच माणसाच्या, एकाच गावातल्या, पण वजन करताना त्या एका पारड्यात घालू नयेत. पहिली घटना पुराव्याच्या प्रांतातली आहे. ताप उतरतो किंवा उतरत नाही. बहुतेक ताप पाणी न कापताही उतरतात, आणि एका रोग्यावरून सुरीचं श्रेय ठरत नाही. दुसरी घटना प्रचितीच्या प्रांतातली. तीन दिवस त्या खोलीत काहीतरी घडलं आणि माणूस बदलला, हे नाकारायला माझ्याकडे काही कारण नाही. ते ज्याच्यामुळे घडलं त्याचं नाव मात्र त्या अनुभवावर लिहिलेलं नसतं. अरविंदांची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मे १९०९च्या उत्तरपाड्याच्या भाषणात त्यांनी उघड सांगितलं की पूर्वी, बडोद्यात असताना, आपण देवाकडे वळलो तेव्हा आपल्यात अज्ञेयवादी होता, नास्तिक होता, संशयवादी होता. देव आहे अशी खात्री नव्हती. आणि तरी प्रार्थना केली, 'तू असशील तर' अशा अटीवर. प्रार्थनेत 'जर' ठेवणारी माणसं आपल्या देवळांत किती असतील, आणि किती जण ते कबूल करतील?

प्रार्थना पुराव्याच्या तराजूत घालून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. १८७२ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक खट्याळ हिशेब मांडला. राजाला दीर्घायुष्य मिळावं म्हणून देशभरच्या चर्चमध्ये दर आठवड्याला प्रार्थना होते. तर मग राजघराण्यातली माणसं जास्त जगायला हवीत. आकडे पाहिले तर सुखवस्तू वर्गांत तीच सगळ्यात कमी जगत होती. याहून गंभीर प्रयोग अमेरिकेत झाला. निकाल २००६ साली आला. सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. प्रार्थना होईल की नाही हे नक्की ठाऊक नसलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आणि तुमच्यासाठी प्रार्थना होणारच असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना! प्रार्थना होणार म्हणजे आपली अवस्था फारच वाईट असणार, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक अंदाज. या प्रयोगाचा खर्च बराचसा टेम्पल्टन प्रतिष्ठानाने, म्हणजे धर्माविषयी आस्था असलेल्या संस्थेने, केला होता, धर्माच्या शत्रूंनी नव्हे.

निकाल आल्यावर पुष्कळ धार्मिक मंडळी म्हणाली, देवाची अशी परीक्षा घेता येत नाही. मला हे म्हणणं मान्य आहे. फक्त ते दोन्ही बाजूंनी पाळा. रुग्ण दगावला की 'त्याची इच्छा', आणि बरा झाला की 'बघा प्रचिती'? परीक्षेला बसायचं नसेल तर गुणपत्रिकाही मागू नये. नवसाचं हेच आहे. नवस फेडणाऱ्यांची रांग आपल्याला दिसते. मूल झालं म्हणून पाळणा वाहणारे, नोकरी लागली म्हणून पेढे वाटणारे. ज्यांना झालं नाही त्यांना फेडायचं काही नसतं, त्यामुळे त्यांची रांगच लागत नाही. देवळात बसून मोजलं तर देव कधीच चुकत नाही.

विवेकवाद्यांविषयीही माझी एक तक्रार आहे. 'पुरावा द्या' ही मागणी ते आजीकडे आणि बुवाकडे एकाच आवाजात करतात. आजीने कुणाकडून काही मागितलेलं नाही. बुवाने पाच हजार घेतलेत आणि साखरेच्या रोग्याला इन्सुलिन बंद करायला सांगितलंय. पुराव्याचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं हे खरं, पण ओझं किती हे दाव्याची झळ दुसऱ्याला किती पोचते यावर ठरावं. आमच्याकडे सुरसागर तलावात शंभर फुटांहून उंच शंकर उभा आहे. त्याला सोन्याने मढवला त्याची पावती मागणं हा नागरिकाचा हक्क. त्याच्याकडे बघून संध्याकाळी हात जोडणाऱ्या माणसाकडे मात्र कसली पावती मागायची?

यावर कुणी म्हणेल, म्हणजे 'प्रचिती' म्हटलं की सुटका? नाही. प्रचिती पुराव्याच्या तपासणीतून सुटते, पण त्याच क्षणी ती दुसऱ्यावर हुकूम चालवायचा अधिकार गमावते. जे दाखवता येत नाही त्याच्या जोरावर शेजाऱ्याच्या ताटात काय असावं, कुणी गाभाऱ्यात यावं, कुणाला भाड्याने घर द्यावं हे ठरवता येणार नाही. १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कमाठी बागेत झाडाखाली बसून राहिले. त्यांना दार बंद करणाऱ्यांपैकी प्रत्येकाने मनात आपापल्या धर्माचाच आधार घेतला असणार. तिथे 'माझी श्रद्धा' हे उत्तर चालत नाही. तिथे कारण द्यावं लागतं, आणि ते समोरच्याला तपासता यावं लागतं.

सयाजीरावांना हा फरक कळला होता असं दिसतं. १९१५च्या सुमारास त्यांनी पुरोहितांसाठी कायदा केला. विधी सांगणाऱ्याने परीक्षा द्यावी, मंत्रांचा अर्थ यजमानाला सांगता यावा. देव खरा की खोटा या भानगडीत राज्य पडलं नाही. देवाच्या नावाने दक्षिणा घेणाऱ्याची परीक्षा मात्र घेतली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला, २०१३ साली. गुजरातने ऑगस्ट २०२४मध्ये तसा कायदा मंजूर केला. देव आहे की नाही याविषयी दोन्ही कायदे एक अक्षर बोलत नाहीत.

आता श्रावण लागेल आणि मंडळाच्या बैठका सुरू होतील. परवा सेवउसळ खाता खाता व्याख्यानमालेचा विषय निघाला. 'देव आहे का?' पुन्हा ठेवू या, गर्दी होते, असं बहुमत पडलं. मी एक सूचना मांडली. आपल्या जुन्या पंडितांत पूर्वपक्षाची रीत होती: विरोधकाचं म्हणणं आधी त्याच्याहूनही नीट मांडायचं, मग खोडायचं. चार्वाकांचं बरंचसं म्हणणं आपल्याला कळतं ते त्यांच्या विरोधकांनी असं मांडून ठेवलं म्हणूनच. तर यंदा दोन्ही वक्त्यांना अदलाबदल करू द्या. विवेकवाद्याने देव आहे हे मांडावं, आस्तिकाने देव नाही हे, आणि दोघांनीही जीव तोडून. उदयनाचार्यांनी नाही का ग्रंथाच्या शेवटी देवाला विनवलं की हे नास्तिकसुद्धा विरोध करताना सतत तुझंच चिंतन करतात, त्यांनाही वेळ आली की तार.

सगळे जरा वेळ गप्प होते. मग आमचे खजिनदार, जे हिशेबाला फार पक्के आहेत, पावाचा शेवटचा तुकडा रश्शात बुडवत म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण मग शेवटी जिंकलं कोण हे लोकांना कसं कळणार?"